ऑक्टोबरातला बर्फ

“आज महिना कोणता?” डॉक्टरांनी विचारलं आणि मी ताडकन म्हणाले, “डिसेंबर.” तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, पण माझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच, मी वर “आणि माझी अजून कवडीची खरेदी झालेली नाही” अशी पुस्तीही जोडली. डॉक्टर मेन्सा, माझा नातू शोभेल असा गोड मुलगा, समोरच्या कागदावर वाकला. शेजारच्या खुर्चीत माझ्या भावाची मुलगी टॅम्सिन बसली होती, तिने पायावर टाकलेला पाय हळूच खाली घेतला. मग मी खिडकीबाहेर पाहिलं. लुइशमच्या त्या दवाखान्याच्या आवारातलं झाड अजून निम्मं हिरवं होतं, ऊन पडलं होतं, एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती आणि तिच्या अंगात कोटसुद्धा नव्हता. ऑक्टोबर. अर्थात ऑक्टोबर! सकाळीच नाही का मी फळवाल्याकडे हॅलोविनच्या भोपळ्यांचा ढीग पाहिला? “ऑक्टोबर,” मी म्हणाले, “मला ऑक्टोबर म्हणायचं होतं.” “काही हरकत नाही, मिस क्रॅबट्री,” तो म्हणाला, आणि ते इतक्या प्रेमाने म्हणाला की मला शंकाच आली. कोणी इतकं प्रेमाने बोलायला लागलं की समजावं, आपलं काहीतरी बिनसलंय. साल मी बरोबर सांगितलं. पंतप्रधान कोण, असं विचारल्यावर “नाव घ्यायलाच हवं का?” म्हणाले, त्यावर तो खुदकन हसला आणि बहुतेक तो गुण त्याने मला देऊन टाकला. कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, तेही बरं जमलं. पण निघताना तो टॅम्सिनकडे बघत म्हणाला, “पुढच्या महिन्यात परत या, आणखी काही तपासण्या करू.” माझ्या डोक्याबद्दल बोलायचं होतं आणि बघत होता तिच्याकडे.

बसमध्ये टॅम्सिनने माझा हात हातात घेतला. ती कधी हात धरणारी मुलगी नव्हे. “आत्या, घाबरू नकोस हं.” “मी कशाला घाबरू? घाबरलीयस तू. हात बघ कसा गार पडलाय.” तिने हात काढून घेतला, मग मलाच चुकल्यासारखं झालं. मी तिला सांगायला लागले, अगं, ही आमच्या धंद्याची खोड आहे, आम्ही कॉमिकवाले सगळेच असे, अंक छापायला आठ आठवडे आधी द्यावा लागायचा, त्यामुळे ऑक्टोबरात आमचा डिसेंबर चालू असायचा, तीस वर्षं मी आठ आठवडे पुढे जगलेय, बाहेर काय महिना आहे ते कोण बघतंय! टॅम्सिनने सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आत्या, तू रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली.” झालं. तोंडात मारल्यासारखं झालं मला. कारण ती म्हणाली ते खरं होतं. बटाटे गॅसवर ठेवून मी खाली गप्पा मारत बसले आणि पातेलं जळून कोळसा झालं, तेही खरं होतं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या तेही. ईस्टबोर्नला एक जागा आहे, समुद्राकाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी, प्रत्येकाला स्वतःची खोली आणि दाराशी मदतीला बोलवायच्या घंटीची दोरी. टॅम्सिनने उन्हाळ्यातच ती बघून ठेवलीय आणि माझ्यापुढे तिचा विषय काढताना ती नेहमी आधी चहा करते. त्या दिवशीही घरी आल्यावर तिने चहा केला. “आत्ताच ठरव असं नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “पण डॉक्टर काय म्हणतात ते बघून ठरवू. चालेल?” चालेल म्हणाले. न चालून सांगते कोणाला?

ती गेल्यावर मी टेबलाशी बसले. टेबलावर माझ्या आठवणींचं पुस्तक, म्हणजे त्याचे कागद. ब्रायटनचा एक प्रकाशक मागे लागलाय. जुनी कॉमिक्स जमवणारा वेडा माणूस आहे, मला फोनवर म्हणाला, तुमच्या ‘रम्पस’ साप्ताहिकावर मी लहानाचा मोठा झालो बाई, तुम्ही नाही लिहिणार तर कोण लिहिणार? दोन वर्षं लिहितेय. सगळं लिहून झालं. ऑफिसचं, संपाचं, अंकाबरोबर फुकट दिलेल्या त्या प्लॅस्टिकच्या शिट्ट्यांचं, ज्या एकाही पोराला वाजवता आल्या नाहीत. राहिलंय ते एकच प्रकरण, विल्फ गारसाइडचं. ते मी उन्हाळ्यापासून लिहितेय. रोज सकाळी बसते, त्या ऑक्टोबरापर्यंत जाते, विल्फ ऑफिसच्या दारातून आत येतो, आणि पुढे हात चालत नाही. पुढे लिहिलं तर त्याला मारावं लागतं. म्हणून मी त्याला दारातच उभा ठेवलाय. तो तिथे हसत उभा, आणि मी रोज त्याच त्या दिवशी जाऊन बसतेय, ज्या दिवशी बाहेर ऑक्टोबर होता आणि आत डिसेंबर. मग जिभेवर डिसेंबर आला तर नवल काय? असं मी स्वतःला समजावलं. पटलंसुद्धा. पण जरा वेळाने वाटलं, निरोगी माणसाच्या जिभेवर तरीही ऑक्टोबरच आला असता. ही खोड आहे की खोट? माझ्या डोक्यात बसून माझं डोकं मी कसं तपासणार? मी उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. गॅस लावलेलाच नव्हता.

आमचं ऑफिस थेम्सकाठच्या उंच इमारतीत होतं आणि त्या मजल्यावर कधीच आजचा दिवस नसे. उन्हाळ्यात घामाघूम होऊन आम्ही सप्टेंबरात शाळा उघडल्याचे विनोद लिहायचो, शाळा उघडल्या की हॅलोविनचे भोपळे आणि नोव्हेंबरातले फटाके काढायचो. खरा ख्रिसमस येई तोवर आम्ही फेब्रुवारीतल्या पॅनकेकच्या मंगळवारात, त्या सणात, रुतलेले. डेस्मंड ओक्स आमचा कलासंपादक, सहा फुटी, तोंडात कायम पाइप, विझलेला. त्याने एका वर्षी पोरांना ख्रिसमसची खेळणीच आणली नाहीत. बायकोने विचारल्यावर म्हणतो कसा, “अगं, ख्रिसमस होऊन गेला ना?” आणि खरंच बिचाऱ्याच्या मनातून होऊन गेला होता, त्याने स्वतःच तर शंभर सांताक्लॉज डोळ्यांखालून घातले होते. बायकोने त्याला ऐन सणाच्या आदल्या दिवशी घराबाहेर पिटाळलं, तो संध्याकाळी एक फुटबॉल आणि बागेची झारी घेऊन परत आला. ही झारी पुढे आमच्या ऑफिसात दंतकथा झाली. पण मला सगळ्यात आवडायचा तो बर्फाचा दिवस. ख्रिसमसच्या अंकावर ‘रम्पस’ या नावाच्या अक्षरांवर बर्फ साचलेला दाखवायची पद्धत होती, सगळ्याच कॉमिक्सची. डेस्मंड पांढरा रंग घेऊन बसायचा, बाह्या दुमडून, खिडक्या उघड्या, खाली नदीवर ऊन, आणि हा एकेका अक्षरावर हलक्या हाताने बर्फ टाकतोय. बर्फ वाळायचा, अंक छापायला धाडायची तयारी व्हायची आणि त्याच दिवशी आम्ही ऑफिसातच ख्रिसमसचं जेवण करायचो. क्रॅकर मागच्या वर्षीचे, डेस्मंडच्या कपाटात जपून ठेवलेले, कारण ऑक्टोबरात ते कुठल्याच दुकानात मिळायचे नाहीत. पुडिंगही मागच्याच वर्षीचं, पण पुडिंगचं काय, ते मुरलेलंच बरं. कागदी नळीची दोन टोकं दोघांनी ओढायची, फट्ट करून क्रॅकर फुटायचा, आतला कागदी मुकुट डोक्यावर चढवायचा. एकदा मी तो मुकुट काढायला विसरून तशीच बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, “या महाराणी, वर जागा आहे.” किती सुखाचे दिवस होते ते! पगार बेताचा, खुर्च्या मोडक्या, साहेब लोक आम्हाला लिफ्टमध्येही ओळख द्यायचे नाहीत, आणि तरी मी रोज सकाळी जिना जवळपास पळत चढायची.

विल्फ त्या जेवणाला दरवर्षी उत्तरेतल्या समुद्राकाठच्या स्कारबरोहून यायचा. एरवी त्याची पानं टपालाने यायची, नाश्त्याच्या खोक्यांचे पुठ्ठे लावून बायकोने बांधलेली, पण ख्रिसमसचं पान तो टपालावर सोडत नसे. ते काखेत मारून आगगाडीने यायचा, दुसऱ्या हातात मैद्याच्या कवचात मांस भरून भाजलेला एवढा मोठा ‘पोर्क पाय’. नॉबी नावाचा घरफोड्या आणि त्याचा सगळ्याला घाबरणारा कुत्रा ट्रेंबल, ही विल्फची चित्रमालिका. अंकाचं संपादनही माझं आणि गोष्टीही मीच लिहायची, चित्रं त्याची. अर्ध्या देशातली पोरं त्या कुत्र्यासाठी अंक घ्यायची आणि एकाही पोराला विल्फचं नाव माहीत नव्हतं, कारण आमच्या धंद्यात नावं छापायची रीतच नव्हती. कोणी चित्राच्या कोपऱ्यात सही केलीच तर ती पांढऱ्या रंगाने पुसून टाकायची, असा वरून हुकूम. विल्फने कधी सही केलीच नाही. “कशाला तुमचा रंग खर्च करू?” म्हणायचा. त्या वर्षी तो दारातून आत आला आणि डेस्मंडने तोंडातला पाइप काढला. माणूस निम्मा झाला होता. कोट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. जेवताना त्याने पोर्क पायची एक फोड ताटात इकडून तिकडे फिरवली. मुकुट घातला तो डोक्यावर ठरेना, घसरून कानांवर आला. मग मला म्हणाला, “पोरी, जरा खिडकीशी ये.”

खिडकीखाली नदीवर एक कोळशाची नाव चालली होती. ती नाव मला आजही दिसते. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, पण त्या नावेवर दोरीला वाळत घातलेला लाल सदरा आठवतो. “डॉक्टर म्हणतो, ख्रिसमस काही दिसणार नाही मला,” विल्फ म्हणाला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. “थांब, पुढे ऐक. मी त्याला म्हटलं, अहो डॉक्टर, माझा ख्रिसमस झालासुद्धा! कालच शाई वाळली त्याची.” आणि तो हसला, मुकुट आणखी खाली आला. मला हसू येईना. “हस की! चांगला विनोद आहे, फुकट देतोय तुला.” मी हसले. म्हणजे तोंड तसं केलं. मग तो नदीकडे बघत म्हणाला, “मला गोष्टी दे. भरपूर दे. दर आठवड्याला एक नको, जेवढ्या होतील तेवढ्या. किती पुढे जाता येतंय ते बघतो.” मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, औषधपाण्याची सोय बघतोय. तो म्हणाला, “आयव्हीसाठी. मी काढतो ती पानं ती आत्ता बघत नाहीये. पाठ फिरवून बसते. म्हणते, मला नंतर लागतील.” आयव्ही ही त्याची बायको.

मी त्या आठवड्यात गोष्टी लिहायला बसले. मरणाऱ्या माणसासाठी विनोद लिहून बघा म्हणजे कळेल. फोडलेल्या तिजोरीत उंदीर निघतो आणि ट्रेंबल नॉबीच्या डोक्यावर चढतो, हे मी लिहीत होते आणि कागदावर टिपं पडत होती. पाठवली ती गोष्ट तशीच. दुसऱ्या दिवशी फोन. “पोरी, ही गोष्ट रडकी झालीय. ट्रेंबल शेवटी एकटा बसून काय करतोय? त्याला सॉसेज दे.” “विल्फ, मला नाही सुचत.” “सुचत नाही काय! मला इकडे जानेवारीचा बर्फ संपवून पॅनकेक उलटायचेत आणि तू रडत बसलीयस होय? सॉसेज दे त्याला, आणि नॉबीच्या ढुंगणाला आग लाव.” लावली आग. काय करणार? मग मात्र सुचत गेलं. पॅनकेक झाले, ईस्टरची अंडी झाली, मे महिन्यातली जत्रा झाली. मी आणि विल्फ, आम्ही दोघंच त्या वर्षात पुढे पुढे पळत होतो. आख्खं इंग्लंड मागे नोव्हेंबरच्या धुक्यात खोकत होतं आणि विल्फ फोनवर सांगत होता, “आज सफरचंदाला फुलं आली बघ.” त्याला पोहोचायचं होतं ते समुद्रापर्यंत. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अंकात नॉबी आणि ट्रेंबल दरवर्षी समुद्रावर जायचे, आणि तो समुद्र विल्फच्या खिडकीतला असायचा. मी देवाला मानत नाही. पण त्या दिवसांत रोज बसमध्ये मनात म्हणायची, एवढं समुद्राचं पान होऊ दे त्याचं. एवढंच होऊ दे.

झालं. नोव्हेंबर संपता संपता पुठ्ठ्यांत बांधलेलं समुद्राचं पान आलं, आणि दोन दिवसांनी तो गेल्याचा फोन. मी आणि डेस्मंड स्कारबरोला गेलो. हॅमची सँडविचेस, कडक चहा, समुद्राकडून बोचरा वारा. आयव्ही ठेंगणीठुसकी बाई, घरातही हातमोजे घातलेली. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. “रोझ बाळा, किती पानं आहेत तुझ्याकडे ते मला सांगू नकोस हं. आणि शेवटचं कुठलं तेही नको. दर गुरुवारी पेपरवाल्याकडून अंक आणेन मी, सगळ्यांसारखा. पैसे देऊन.” तुम्हाला फुकट पाठवू, असं मी म्हणणार होते. बरं झालं, म्हणाले नाही.

आणि मग विल्फ दर गुरुवारी येत राहिला. ख्रिसमसच्या अंकात त्याच्या ट्रेंबलने सांताक्लॉजला चोर समजून पलंगाखाली दडी मारली. त्याला पुरून महिनाही झाला नव्हता. बसथांब्यावर शाळेच्या दोन मुली एकाच अंकात डोकी खुपसून खिदळत होत्या आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, ज्याला हसताय तो… पण काय सांगणार? नावच नव्हतं त्याला. कुठल्या पेपरात चार ओळी नाहीत, अंकात काळी चौकट नाही. त्याचं पान बरोबर जागच्या जागी, म्हणजे आमच्या जगात तो जिवंतच. गुरुवारी सकाळी अकराच्या चहाला ऑफिसात फोन वाजायचा. “गप्प बसा रे, स्कारबरो!” डेस्मंड गरजायचा, आणि एवढा गलबल्याचा मजला चिडीचूप व्हायचा. आयव्ही मला विनोद सांगायची. मीच लिहिलेला विनोद मलाच, सावकाश, समजावून. “अगं, आणि मग तो कुत्रा आहे ना, तो पॅनकेकला घाबरून छपरावर जातो!” “नाही हो! छपरावर?” मी म्हणायची, आणि हसायची. खोटं नाही सांगत, दर वेळी मला खरंच हसू यायचं. तिच्या तोंडून तो विनोद माझा उरायचाच नाही. तो तिच्या नवऱ्याने तिला नुकताच सांगितलेला असायचा.

मग उन्हाळा आला, समुद्राचा अंक निघाला. त्यावर आयव्हीने फोनवर फार काही सांगितलं नाही. “आमचीच खिडकी आहे,” एवढंच म्हणाली. पुढच्या अंकापासून टेरी बगचं पान होतं. टेरी म्हणजे क्रॉयडनचा टकला, चाळिशीचा, कोणाच्याही हाताची हुबेहूब नक्कल करणारा. चालू मालिका दुसऱ्याने बेमालूम पुढे न्यायची, वाचकाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही आमच्याकडची नेहमीची रीत. त्याने विल्फची रेघ अशी उचलली की मी, मी संपादक असून दोन पानं शेजारी ठेवून बघत बसले. तो गुरुवार उजाडला. अकरा वाजले, चहा आला, चहा गार झाला. फोन वाजला नाही. डेस्मंड दोनदा येऊन फोनकडे बघून गेला. “लाइन बिघडली असेल,” म्हणाला. लाइन बिघडली नव्हती, मी तपासली होती. तो आठवडा मी कसा काढला मलाच ठाऊक. हा बदल लपवायला नको होता, आधीच सांगून टाकायला हवं होतं, तिला फसवलं असं वाटेल, असलं सगळं रोज डोक्यात. पुढच्या गुरुवारी फोन वाजला. “रोझ बाळा,” आयव्ही म्हणाली, “तो नवीन माणूस कोण गं?” “चांगला आहे हो,” ती म्हणाली. “फार चांगला आहे. पण घाबरतोय बिचारा. रेघ घाबरलेली दिसते. त्याला म्हणावं, माझा विल्फ काही ओरडायला येणार नाही. घाबरायचं ते कुत्र्याने, काढणाऱ्याने नाही.” मग म्हणाली, “मला वाटलं होतं, नोव्हेंबरातच संपलं सगळं. तुम्ही लोकांनी मला उन्हाळ्यापर्यंत आणून सोडलंत गं. लई उपकार झाले.” सगळ्या मजल्यासमोर मी टेबलावर डोकं ठेवून रडले. डेस्मंडने फोन जागेवर ठेवला. टेरीला तिचा निरोप पोहोचवला, आणि पुढच्या पानापासून त्याची रेघ सैल पडली ती कायमची.

हे सगळं आठवायला मला एक किल्लीही शोधावी लागत नाही. पण नोव्हेंबर लागल्यावर डॉक्टर मेन्साकडे परत गेलो तेव्हा त्याने सुरुवातीलाच एक पत्ता सांगितला, कोणातरी माणसाचं नाव आणि रस्ता, आणि म्हणाला, जरा वेळाने विचारेन. महिना विचारला. “नोव्हेंबर,” मी म्हणाले, घोकूनच गेले होते. जरा वेळाने पत्ता विचारला. पाटी कोरी. नाव नाही, रस्ता नाही, पत्ता सांगितला होता एवढंसुद्धा पुसट. मी टॅम्सिनकडे पाहिलं, तिचे ओठ हलत होते, तिला पाठ होता. परीक्षेला आईने बाहेरून उत्तर सांगावं तशी ती ओठ हलवत होती, आणि मला तिची इतकी माया आली की काय सांगू. डॉक्टरने मधल्या काळात काढून घेतलेले मेंदूचे फोटो दाखवले. या वेळी माझ्याकडे बघून बोलला, शहाणा मुलगा. “सुरुवात आहे, मिस क्रॅबट्री. अगदी सुरुवात.” मी विचारलं, “किती पुढे जाता येईल?” त्याला नीट कळलं नाही. “म्हणजे, किती दिवस, असं?” “तसंच समजा.” तो म्हणाला, सांगता येत नाही, काहींचं खूप सावकाश चालतं. मला रडू यायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालेला प्रश्न कोणाचा ते मला एकदम उमगलं आणि छातीतला दगड हलला. इतके महिने मी विल्फला दारात ताटकळत ठेवलं होतं. त्याला तर घाई होती. घाई होती, आणि त्याने ती किती मजेत केली!

घरी आले ती टेबलाशी बसले. त्याला आत घेतलं, मुकुट घातला, खिडकीशी नेलं, बोलू दिलं. जायचं तेव्हा जाऊ दिलं. अडलं तिथे त्याच्याच आवाजात स्वतःला दटावलं, रडकं झालंय, सॉसेज दे. काही दिवसांत प्रकरण पुरं झालं. मग पुस्तकाच्या शेवटी ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावं घातली. डेस्मंड, टेरी, अक्षरं काढणारी पेगी, लिफ्टवाला बर्ट, सगळ्यात वर विल्फ आणि आयव्ही गारसाइड, पूर्ण नावं, छापायला. रविवारी टॅम्सिन आली तेव्हा गठ्ठा तिच्या हातात दिला. “आत्ता वाचू नकोस,” मी म्हणाले. “ठेव. नंतर लागतील.” तिला ते काही समजलं नाही. “नंतर म्हणजे कधी?” “मी तुला ‘आपण कोण?’ असं विचारेन तेव्हा. एकेक पान काढून वाच. दर गुरुवारी.” तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, गठ्ठा टाकून देते की काय. पिशवीत कोंबून तडक निघून गेली. चहासुद्धा केला नाही.

काल ती अवचित उगवली. कामाचा दिवस, भरदुपार. दोन्ही हातांत पिशव्या, नाक लाल. “गाडीतच वाचलं सगळं,” ती दारातूनच ओरडली. “मी नाही ती आयव्ही! मी नाही थांबणार! मला काही विचारायचं असलं तर? तू समोर असताना नको का वाचायला? तो लाल सदरा कोणाचा होता?” “नावाड्याचा असेल.” “असेल म्हणजे? नीट आठव!” आणि रडायला लागली. मी तिला बसवलं, चहा केला, गॅस बंद केला, बंद केलेला तिला दाखवला. ती नाक पुसत म्हणाली, “ईस्टबोर्नला कळवलंय, इतक्यात नाही म्हणून. मी शनिवार-रविवारी इथेच येत जाईन. तुला चालो न चालो.” मग तिने पिशव्या उघडल्या. पुडिंग. भाजलेली टर्की, दुकानातली, गारढोण. आणि क्रॅकरचं खोकं. हल्ली ते नोव्हेंबर लागताच दुकानांत मिळतात. दुकानंच आमच्यापुढे निघून गेलीत. टेबलावरचे माझे कागद तिने बाजूला केले, एक क्रॅकर माझ्यापुढे धरला, मी एक टोक ओढलं, तिने दुसरं, फट्ट झालं. बाहेर ऊन होतं. तिने आतला मुकुट काढून उलगडला, माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि डॉक्टरसारखा आवाज काढून म्हणाली, “मिस क्रॅबट्री, आज महिना कोणता?”

“नोव्हेंबर,” मी शहाण्या मुलीसारखं म्हणाले.

“चूक,” ती म्हणाली, आणि मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला.